अर्थिंगला मीठ लागतं

जावई पसंत करायच्या दिवशी आमच्या घरमालकाने त्या पोराला मिठी मारली आणि दोन्ही हातांनी जमिनीपासून वीतभर वर उचलला. पोराचे आईबाप चहाचे कप हातात धरून बघत राहिले. याने पोराला खाली ठेवला, त्याचा शर्ट झटकून नीट केला आणि आत बायकोला ओरडून सांगितलं, "भरीव हाय गं. पोहे आन." लग्न तिथंच ठरलं. पोरगा शिकला किती, नोकरी कुठे करतो, हे याने पत्रिका छापायला गेल्यावर फोन करून विचारलं.

त्याला सगळं वजनावर कळायचं. कलिंगड असो, कुलूप असो, मोबाईल असो, हातावर घ्यायचा, डोळे मिटायचा, दोनदा खालीवर करायचा आणि निकाल सांगायचा. डॉक्टरने औषध लिहून दिलं तर बाटली तोलून बघायचा आणि हलकी लागली तर दुसरा डॉक्टर गाठायचा. देवळातल्या नव्या मूर्तीलासुद्धा त्याने प्रतिष्ठा व्हायच्या आधी उचलून बघितलं होतं. म्हणे, "आतून पोकल असंल तर नवस कशाला करायचा?"

ही खोड मिठागरातली. त्याचे बापजादे उरणच्या बाजूला मीठ पिकवायचे, आणि हा शाळेत जायच्या वयात मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून पळायचा. मी तेव्हा मोऱ्याच्या बंदरातून मासळी भरून पनवेलच्या बाजारात टेम्पो आणायचो. रस्त्यात तो हात करायचा, मी त्याला मागे बसवायचो, तेव्हापासूनची ओळख. मग त्यांच्या जमिनी गेल्या, मोबदला आला, पनवेलजवळ करंजाड्याला बंगला उभा राहिला आणि टोपली उचलणारा पोरगा शेठ झाला. बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको भाड्याने राहायला आलो. गाव त्याला शेठ म्हणायचं, मी "आरं" म्हणायचो. तो मला दादा म्हणायचा आणि माझ्या बायकोला वयनी.

बंगल्यात प्रत्येक खोलीत एसी होता. तरी संध्याकाळी शेठ अंगणातल्या गाडीत जाऊन बसायचा. मोठी पांढरी गाडी, चढायला पायरी असलेली. ती कुठे जायची नाही. तो तिच्यात बसून फोन करायचा, शेंगा खायचा, पाहुण्यांना भेटायचा. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक त्याने कधीच काढलं नाही. उन्हाळ्यात त्यावरून उठलं की पँट फाटल्यासारखा आवाज यायचा. मी एकदा म्हणालो, "आरं, काढ ते. कोनासाठी ठेवलंस?" तर म्हणाला, "गाडी नवीन हाय ना." गाडीला तेव्हा चार पावसाळे झाले होते.

आता मुद्द्याचं. आमच्या समाजात लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला माणूस तोंड दाखवून जातो, हळदीला सगळं गाव असतं. आणि हळद म्हणजे डीजे. शेजारच्या आळीत एका हळदीला डीजेने असा धुमाकूळ घातला की शेठच्या गाडीचा भोंगा आपोआप कोकलायला लागला आणि थांबेना. दुसऱ्या दिवशी गावकीची सभा झाली. हळदीला डीजे बंद, असा ठराव आला, तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात वर हात शेठचा होता. "आपली संस्कृती काय हाय?" असं भाषणही त्याने केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्ष सरायच्या आत त्याच्याच पोरीचं ठरलं.

माझी बायको धवलारीण होती. धवला म्हणजे आमच्याकडचं लग्नातलं गाणं. हळद कांडायची आणि लावायची त्याचं वेगळं, नवरा यायचा त्याचं वेगळं, नवरी निघायची त्याचं वेगळं. भटजी घड्याळ बघत येतो आणि घड्याळ बघत जातो, धवलारीण मांडव सुटेपर्यंत बसलेली असते. शेठच्या मोठ्या पोराच्या हळदीला तीच गायली होती. तेव्हा शेठने मोबाईलवर ते भरून घेतलं. ही पोरगी तेव्हा शाळेत होती. ती माझ्या बायकोच्या मांडीवर डोकं टाकून म्हणाली, "काकी, माज्या हलदीला पन तूच गायचं." ही म्हणाली, "तू नाय बोलवलंस तरी येनार. दार लावून घेतलंस तर खिरकीतनं गाईन."

गेल्या शिमग्याला माझी बायको वारली. लोक देवाघरी गेली म्हणतात. मी स्वतः अग्नी दिला, मला माहीत आहे कुठे गेली.

ती गेल्यावर सल्ले देणारे खूप आले. कोणी म्हणालं कुत्रा पाळा, कोणी म्हणालं सकाळी बागेत जाऊन हसायच्या वर्गाला बसा. शेठ आला, बाजूला बसला, माझा हात हातात घेऊन खालीवर केला आणि म्हणाला, "दादा, हलका जालास." बाकी कोणी काय बोललं ते आठवत नाही. मग म्हणाला, "पोरीच्या हलदीला वयनीच गानार. शब्द दिलाय तिनं."

"मेलेली बाई गाते कशी रं?"

"माज्या मोबाईलात हाय."

मी त्याला गप बस म्हटलं. मोबाईलवर तिचा आवाज मी ऐकला नव्हता आणि ऐकणारही नव्हतो. तिची हाक नदीच्या या काठावरून त्या काठाला जायची. आपट्याला माहेरी गेली की पाताळगंगेपलीकडच्या मावशीशी ती अलीकडूनच भांडायची. ती बाई तळहाताएवढ्या डबीत किणकिणताना कोण ऐकणार?

"तेच तर," शेठ म्हणाला. "मोबाईलवर ती डासासारी वाजते. मी तिला गाडीत लावतो. पूर्न आलीत आवाज गेला पायजे."

"गावकी डीजे लावू देईल?"

"डीजे टेम्पोवर असतो. ह्यो माज्या गाडीतला टेप. आनि त्यावर गानं नाय, धवला लागनार. धवल्याला बंदी घालून दाखवा म्हनावं."

खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मी त्या हळदीची वाट बघायला लागलो. दुसरं वाट बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग आम्ही पनवेलला गेलो, गाडीचं सामान विकणाऱ्याच्या दुकानात. दुकानदार शिकलेला, टाय लावलेला. त्याने वॅट सांगायला सुरुवात केली. शेठ म्हणाला, "वजन सांग." दुकानदार म्हणाला, "सर, साउंडचं वजन नसतं." शेठने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही हा माणूस आत्ताच शाळेत नापास झाला. मग त्याने स्वतःच एकेक सबवूफर उचलून बघितला. सबवूफर म्हणजे परातीएवढा काळा स्पीकर, मागे लोहचुंबकाचा गोळा. सगळ्यात जड दोन निवडले. अॅम्प्लिफायरही तसाच निवडला, सगळ्यात जड. दुकानदार म्हणाला, "बसवून देतो, आमचा माणूस आहे." शेठ म्हणाला, "माज्या गाडीला दुसऱ्याचा हात लागनार नाय." आणि गाडीच्या दारांतले कंपनीचे छोटे स्पीकर त्याने घरी येऊन स्वतःच उपसून काढले. हातावर ठेवले, डोळे मिटले. "बग, पापड! कंपनीनं पापड बसवलेत दादा, इतके पैसे घेऊन." दारावरून भंगारवाला चालला होता, त्याला हाक मारून देऊन टाकले.

दोघांनी मिळून आयुष्यात पहिल्यांदा असलं काम काढलं. सामानासोबत पुस्तक आलं होतं. शेठने ते उचललं, हलकं लागलं, ठेवून दिलं. तरी बरंचसं जमलं. बॅटरीपासून लाल वायर मागे डिकीपर्यंत नेली. फ्यूज लावू या म्हटलं तर म्हणाला, "फ्यूज भित्र्या मानसाला." मी भर रस्त्यात पेटलेला टेम्पो बघितलेला आहे, मी पकड खाली ठेवली आणि म्हणालो, "मग मी चाललो." तेव्हा कुठे बॅटरीजवळ फ्यूज लागला.

अडलं काळ्या वायरपाशी. दुकानदाराने सांगून ठेवलं होतं, काळी वायर अर्थिंगची. बस. शेठचा चेहरा उजळला. बंगला बांधताना अर्थिंगचा खड्डा त्याने उभं राहून करून घेतला होता. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात हे बघून त्याला इतका अभिमान वाटला होता की वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्याने तो खड्डा दाखवला. आता त्याने कुदळ घेतली आणि गाडीच्या मागे अंगणात खणायला लागला.

"आरं, काय करतंस?"

"अर्थिंग."

"गाडीची?"

"मग कोनाची? माजी?"

खड्डा झाला. त्यात त्याने कोळसा घातला. बायकोने स्वयंपाकघरातून मिठाची पिशवी आणून दिली, ती त्याने परत पाठवली. पाकिटातलं मीठ भेसळीचं. उरणहून एका नातेवाईकाकडून जाडं मीठ मागवलं, गोणभर. ते थरावर थर घातलं, लोखंडी पहार ठोकली, वर पाणी शिंपडलं, डिकीतून काळी वायर बाहेर काढून पहारीला गुंडाळली आणि हळदकुंकू वाहिलं. मग ऐटीत गाडीत बसून बटण दाबलं.

काही नाही. अॅम्प्लिफायरवरचा दिवासुद्धा लागला नाही.

"मीठ कमी पडलं," शेठ म्हणाला.

मी म्हणालो, "आरं येड्या, गाडी रबरावर उबी हाय. तिचा जमिनीशी संबंध काय? गाडीची अर्थिंग गाडीच्या पत्र्याला. टेम्पोला आमी दिवा लावला, भोंगा लावला, सगलं बॉडीलाच जोडायचो."

"अर्थिंगला मीठ लागतं दादा. मिठातलं मना शिकवतंस?"

"आनि गाडी हलवायची जाली तर? खड्डा संगं नेशील?"

"ही गाडी जाते कुटं?"

त्याने आणखी मीठ घातलं. शेजारीपाजारी जमले. जमिनीच्या मोबदल्यावर बंगले बांधून बसलेले सगळे, एकेकाने आपलं शहाणपण सांगितलं. एक म्हणाला समुद्राचं पाणी घाला. एक म्हणाला खड्डा ईशान्येला हवा. मला त्या घोळक्यात उभं राहून एकच दिसत होतं. हळद परवावर आली होती, आणि माझी बाई मिठात पुरलेल्या पहारीवर अडकून बसली होती.

शेवटी मी म्हणालो, "पुस्तकात बग." पोरीने ते पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. गाडीच्या उघड्या धातूला जोडा, रंग खरवडून काढा. रंग खरवडा हे ऐकलं आणि शेठ मटकन पायरीवर बसला.

"नव्या गाडीचा रंग खरवडायचा?"

"पप्पा, मॅटच्या खाली आहे, दिसणार पण नाही," पोरगी म्हणाली.

"मना ठाव असंल ना पन."

त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला डिकीतून आवाज आला, खर्र, खर्र. जाऊन बघतो तर शेठ गुडघ्यावर बसून कानस चालवत होता. मॅट गुंडाळून ठेवलेली, डोळे लाल. अंगठ्याच्या नखाएवढी जागा खरवडली होती. त्याने फुंकर मारली, बोट फिरवलं आणि आश्चर्याने म्हणाला, "दादा, खाली लोकंड हाय!" इतकी वर्षं त्याला काय वाटत होतं कोण जाणे.

काळी वायर तिथे आवळली. हिरवा दिवा लागला. शेठने टाळी वाजवली. माझी बायको गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो असेन, शेठची बायको तसं म्हणाली.

"लाव तिला," मी म्हणालो आणि मांडवासाठी आणलेल्या खुर्चीवर बसलो. खिशातून टोपी काढून घातली. का घातली माहीत नाही. ती गायला बसली की मी घालायचो.

शेठने मोबाईल जोडला. गाडी हादरली. नंबरप्लेट खडखडली, समोरच्या वायरीवरचे कावळे उडाले, कोणाच्या तरी घरात भांडं पडलं.

धम्म. धम्म. धप्.

मुसळाचा आवाज होता. उखळात हळकुंडं कांडतात तो. धम्म, धम्म, धप्. मी वाट बघितली. आता गाईल, आता गाईल. मागे कुठेतरी गुहेत माणसं कुजबुजतात तसं काहीतरी गुरगुरलं. गाणं नव्हतं. शेठने आवाज वाढवला. मुसळ वाढलं.

"बाई कुटं गेली माजी?" मी विचारलं.

शेठ गाडीतून उतरला, स्पीकरपाशी कान लावून उभा राहिला, परत बसला. पोरगी म्हणाली, "पप्पा, हे नुसते बेसचे आहेत, धमधम आवाजाचे. गाण्याचा आवाज दारातल्या छोट्या स्पीकरमधून येतो. ते कुठे आहेत?"

शेठने रस्त्याकडे बघितलं. भंगारवाला कुठल्या गावचा तेही कोणाला माहीत नव्हतं.

मी शिव्या दिल्या. लिहिण्यासारख्या नाहीत. म्हणालो, "तुज्या वजनापायी माज्या बाईचा गला कापलास. गाव जमवून आता मुसल ऐकवनार?" शेठ मान खाली घालून उभा राहिला. मग रिक्षा करून पनवेलला गेला. मला वाटलं, आणतोय छोटे स्पीकर. तासाभराने आला. रिक्षातून दोन माणसांनी मिळून काहीतरी उतरवलं. तिसरा सबवूफर होता, आधीच्या दोघांपेक्षा मोठा.

"दोन कमी पडत व्हते," तो म्हणाला.

हळदीला मी जाणारच नव्हतो. पोरगी स्वतः बोलवायला आली, हातात बांगड्या, कपाळाला मुंडावळ्या. "काका, काकी नाय तर नाय. तुमी तरी चला." ती रडेल असं वाटलं म्हणून गेलो. मांडवात अगदी मागे बसलो, म्हणजे निघता येईल.

गावकीचे तिघे वेळेवर हजर. जेवायला कधी इतक्या वेळेवर येत नाहीत. त्यांच्यातला पुढारी गाडीभोवती फिरला. "शेठ, हा डीजे न्हवं ना?"

"धवला हाय."

"मग आयकू दे ना धवला."

शेठने माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं. पोरगी पाटावर बसली होती, बायका हळदीची वाटी घेऊन थांबल्या होत्या, कारण गाण्याशिवाय हात लावायचा नसतो. शेठने बटण दाबलं. धम्म. धम्म. धप्. मांडवाच्या काठ्या थरथरल्या, सरबताचे पेले ताटात नाचले.

"ह्यो धवला?" पुढारी म्हणाला.

"आतमंदी हाय," शेठ म्हणाला.

लोक जे हसले! पुढारी हसला, भटजी हसला, नवऱ्याकडून हळद घेऊन आलेले हसले. शेठ त्या बटणावर बोट ठेवून उभा, घामाने निथळत, पण बंद करेना. पोरीने मान खाली घातली. मी उठलो आणि निघालो.

गाडीपाशी एक म्हातारी उभी होती. माझ्या बायकोच्या मागे बसून ती धवला झेलायची, म्हणजे बायकोची ओळ संपली की ही म्हातारी पुढची उचलायची. तिला हल्ली ऐकू येत नाही, कानाशी ओरडावं लागतं. ती गाडीच्या मागच्या पत्र्यावर तळहात टेकून उभी होती, डोळे मिटून. मला वाटलं चक्कर आली. मी दंड धरला तर तिने झटकला.

"गप ऱ्हावा रं सगली," ती ओरडली. बहिरी माणसं ओरडतात तशी, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी. "हसताव काय? तीच कांडते ना!"

"कोन?" मी तिच्या कानात ओरडलो.

"तुजी बायको रं! दुसऱ्या बायांचं कांडन तिला कवा पटलं? गाता गाता मुसल हिसकून घ्यायची. दोन टोले देते नि तिसऱ्याला हात बदलते. खांदा दुकायचा तिचा." तिने पत्र्यावर हाताने ताल दाखवला. "आयक. आता हात बदलंल."

धप्.

इतकी वर्षं मी मांडवात तिचं गाणं ऐकायला बसलो. हाताकडे कधी बघितलं नव्हतं. मी म्हातारीच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. पत्रा उन्हाने तापलेला होता आणि आतून कोणीतरी ठोकत होतं. दोन जोराचे आणि तिसरा नुसता टेकवलेला. मध्येच ती थांबली. म्हातारी म्हणाली, "हलद खाली लोटते." परत सुरू झाली.

मग म्हातारीने धवला उचलला. नेमकी कुठली ओळ चालू आहे ते तिला टोल्यावरून कळत होतं. आवाज फाटका, पण जागेवर. दुसऱ्या ओळीला आणखी एक बाई आली, मग चौघी, मग ज्यांना शब्द येत नव्हते त्याही. पुढाऱ्याची बायको हसता हसता गप झाली आणि पदर सावरून गायला बसली. पुढारी चप्पल शोधायला लागला. कोणीतरी हळदीत बोट बुडवून पोरीच्या पायाला लावलं. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

टोले थांबले. रेकॉर्डिंग संपलं होतं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, गाणं डगमगलं. शेठ गाडीतून वाकून माझ्याकडे बघत होता, चेहरा पिळवटलेला.

"दादा, बंद करू?"

"बंद काय करतंस?" मी म्हणालो. "लाव परत. पोरीचे हात ऱ्हायलेत अजून."